घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

प्रश्न: आमच्या पागेत लोकांचे चौदा घोडे सांभाळायला असतात. गवत, पाणी, खरारा, साफसफाई सगळं आमच्याकडे. सगळ्यांना एकच मिश्र वाळलेलं गवत, दिवसातून तीन वेळा. आजवर कुणाची तक्रार नव्हती. गेल्या काही महिन्यांत मात्र प्रत्येक मालकाला आपल्या घोड्याची ‘आवड’ सापडायला लागली आहे. एका तांबड्या घोड्याला म्हणे फक्त हेलेज, म्हणजे हवाबंद आंबवलेलं गवत हवं, नाहीतर मालकीणबाई घोडा दुसरीकडे हलवणार. अबलख घोडी गवतातली लसूणघासाची पानं तेवढी वेचते आणि बाकीचं तुडवते. एक गुटगुटीत तट्टू आहे, त्याची मालकीण रोज लसूणघासाची पेंढी आणून घालते, कारण ‘दुसरं काही तो मनापासून खात नाही’. एक म्हातारा घोडा गवत चघळून गोळे करून टाकतो, त्याला सगळे ‘नखरेबाज आजोबा’ म्हणतात. मोतद्दार वैतागले आहेत. माझे भागीदार म्हणतात, दोन दिवस दुसरं काही घालूच नका, भूक लागली की मुकाट खातील. घोड्याला खरंच आवडनिवड असते, की हे नुसते मालकांचे लाड? आणि असलीच, तर मी किती जणांचं ऐकायचं?

उत्तर: आधी तुमच्या भागीदारांना थांबवा, बाकीचं मग बोलू.

भुकेने वठणीवर आणायचा उपाय घोड्यावर चालत नाही, उलटतो. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, मग तो खात असो वा नसो. त्या आम्लाची धार कमी करणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. म्हणजे तोंड बंद राहिलं की पोटाचं अस्तर उघड्यावर. मोकळा सोडलेला घोडा चोवीस तासांतले सोळा-एक तास चरत असतो तो हावरट म्हणून नव्हे, त्याचं पोटच तसं बनलं आहे. चाऱ्याशिवाय सहा तासांपेक्षा मोठी फट पडत गेली की जठरात व्रण होण्याची शक्यता वाढते, आतड्याची हालचाल मंदावली की पोटदुखीची. तट्टांचं आणि गाढवांचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. खाणं तुटलं की त्यांचं शरीर अंगावरची चरबी वितळवायला लागतं, ती रक्तात इतकी साचते की यकृत निकामी होऊन जनावर दगावू शकतं. अंगाने भरलेलं जनावर यात आधी सापडतं. दोन दिवसांच्या उपासाचा पहिला बळी तुमचं ते गुटगुटीत तट्टूच ठरायचं.

याच हिशेबाने तुमच्या पत्रातला मला सगळ्यात खटकलेला शब्द ‘आवड’ नाही, ‘तीन वेळा’ आहे. शेवटचं गवत संध्याकाळी सहाला आणि सकाळचं सहाला पडत असेल, आणि रात्री नऊपर्यंत गव्हाण रिकामी होत असेल, तर नऊ तासांची फट रोजच पडते आहे. कुणाला काय आवडतं हे ठरवण्याआधी रात्रीचं गवत वाढवा. ते बारीक छिद्रांच्या जाळीत भरा म्हणजे पुरेल. पहाटे ठाणातलं गवत कुणाचं संपलेलं असतं आणि कुणाचं उरलेलं, ही एक गोष्ट कळली तरी अर्धी भांडणं तिथेच मिटतील.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, घोड्याला आवडनिवड असते, आणि चांगली ठाम असते. ब्रिटनमधल्या संशोधकांच्या एका गटाने 2002 मध्ये दाखवलं की एकच गवत असलेल्या ठाणापेक्षा सहा तऱ्हेचे चारे ठेवलेल्या ठाणात घोडे जास्त वेळ चरण्यात घालवतात. याच गटाने 2005 मध्ये वेगवेगळ्या स्वादांची खाणी घोड्यांपुढे ठेवली. पहिला नंबर लागला मेथीचा, दुसरा केळ्याचा. जिरं सुद्धा गाजर आणि पेपरमिंटच्या वर राहिलं. जगभरचे मालक खिशात गाजरं आणि पेपरमिंटच्या गोळ्या घेऊन घोड्याला भेटायला जातात, त्यांनी हे वाचून थोडं खट्टू व्हायला हरकत नाही.

पण आवड म्हणजे गरज नव्हे. घोडा गोड आणि पानाळ चारा निवडतो. त्यात साखर किती आणि आपल्या खुरांना ती झेपेल का, हा विचार तो करत नाही. आणि तिसरी एक गोष्ट असते जी आवडीसारखी दिसते पण आवड नसते, ती म्हणजे दुखणं. तुमच्या चार ‘नखरेबाजां’मध्ये मला या तिन्ही गोष्टी दिसतात. एकच नियम लावायला गेलात की घोडं तिथेच पेंड खातं.

सर्वांत आधी आजोबा, कारण ते नखरे करतच नाहीत. गवत चघळून त्याचे ओले गोळे खाली टाकणं ही दातांची तक्रार आहे. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात. विशी गाठता गाठता कुणाची दाढ गुळगुळीत होते, कुणाची हलते, कुणाच्या फटीत गवत अडकून हिरडी सडते. त्याला गवत हवं असतं, म्हणून तो तोंडात घेतो. दळता येत नाही, म्हणून टाकतो. हे कळल्यावर त्या टोपणनावाचं हसू येणार नाही. आठवडाभरात दात बघणाऱ्या पशुवैद्याला बोलवा. दात तासून भागलं तर उत्तम. नाही भागलं तर त्याचा चारा बदलायचा: गवताच्या गोळ्या किंवा क्यूब भरपूर पाण्यात भिजवून केलेला लगदा, बारीक कापलेला चारा, भिजवलेला बीटचा चोथा. कोरड्या गोळ्या तशाच घालू नका, नीट न चावणाऱ्या घोड्याच्या अन्ननलिकेत त्या अडकतात. आणि इथे बरेच जण चुकतात ते असं की, लगदा ‘वरून थोडा’ देतात आणि गवताचं वजन मनात तसंच धरतात. जे गवत तो थुंकतो ते त्याच्या पोटात गेलेलंच नसतं. लगदा त्या गवताच्या जागी आहे, भिजवण्याआधी त्याच वजनाचा हवा, चार-पाच वेळा वाटून हवा. थोडं मऊ गवत पुढ्यात राहू द्या, चघळायला. घशात अडकत असेल तर मात्र तेही बंद, डॉक्टर सांगतील तसं.

तांबड्याच्या बाबतीत मला मालकीणबाईंना विचारायचं आहे: हे कधीपासून? घोडा आल्यापासून गवताकडे पाठ फिरवतो, की आधी खायचा आणि आता सोडलं? आधी खाणारा घोडा अचानक चोखंदळ झाला तर आधी डॉक्टर, मग हेलेज. दात, जठरातले व्रण, ताप, यकृताचं दुखणं, यांतलं काहीही पहिल्यांदा ‘हल्ली गवत नीट खात नाही’ या वाक्यातच दिसतं. कोरडं गवत खाताना तो खोकतो का, नाकातून पाणी येतं का, हेही बघायला सांगा. तसं असेल तर त्याला गवत नको नसून गवतातली धूळ नको आहे, आणि त्याला दमा लागतो आहे. अशा घोड्याला तेच गवत दहा मिनिटं पाण्यात बुडवून किंवा वाफवून दिलं की बऱ्याचदा काम होतं. हेलेजची चर्चा तिथेच संपते.

तरीही हेलेज द्यायचं ठरलं तर ते वाईट नाही. हेलेज म्हणजे अर्धवट वाळवून, हवाबंद गुंडाळून आंबवलेलं गवत, गाईंच्या मुरघासाहून बरंच कोरडं. (गाईंसाठी केलेला मुरघास स्वस्तात मिळतो म्हणून कुणी घोड्याला घालायला निघालं तर तिथेच अडवा.) अडचण घोड्याची नसून पागेची आहे. गठ्ठा एकदा फोडला की तीन-चार दिवसांत संपवावा लागतो, उकाड्यात त्याहूनही लवकर. एकट्या घोड्यासाठी मोठा गठ्ठा फोडाल तर शेवटचा निम्मा भाग बुरशीचा असेल. प्लॅस्टिक फाटलेलं असेल किंवा आत मेलेला उंदीर-पक्षी दिसला तर अख्खा गठ्ठा फेकायचा, कडेचं काढून मधलं घालायचं नाही. त्यात बोटुलिझमचं विष तयार होऊ शकतं, आणि ते घोड्याला सहसा सोडत नाही. म्हणून छोटे गठ्ठे, मालकीणबाईंच्या खर्चाने, आणि उघडल्याची तारीख वर लिहून.

वजनाचा घोळही इथेच होतो. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के चारा लागतो, पण तो पाणी वगळून मोजलेला, म्हणजे साडेसात ते दहा किलो. वाळल्या गवतात पाणी फार नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात साडेआठ ते साडेअकरा किलो गवत घातलं की झालं. हेलेजमध्ये मात्र निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. साठ टक्के कोरडा भाग असलेलं हेलेज असेल तर तेवढ्याच पोषणाला साडेबारा ते सोळा-सतरा किलो लागतं. ‘दहा किलो गवत होतं, आता दहा किलो हेलेज’ असा हिशेब करणाऱ्या पागेतला घोडा उपाशी राहतो, आणि मग लाकूड कुरतडतो म्हणून त्याच्यावरच खापर. म्हणून काटा हवाच. जाळी अडकवून बघायचा साधा टांगता काटाही चालतो. हाताच्या अंदाजाने भरलेल्या दोन जाळ्या कधीच सारख्या नसतात, मोतद्दार कितीही जुना असो.

अबलख घोडीची गोष्ट सोपी आहे, आणि तिचं मला कौतुकही वाटतं. मिश्र गवतातून ती पानं निवडते, कारण लसूणघासाचं सत्त्व पानांत असतं आणि काड्या नुसत्या काड्या. घोड्याचा वरचा ओठ अशा निवडीसाठी बोटासारखा चालतो. हे थांबवायचं तर तिच्यासमोर निवडायला ठेवू नका. साधं गवत आधी, बारीक जाळीत. लसूणघास मोजून, शेवटी, वेगळा. किंवा दोन्ही बारीक कापून, पाण्याचा हबका मारून कालवा, म्हणजे पानं खाली झडून जात नाहीत. आणखी एक प्रयोग करून बघा: ठाणाच्या दोन कोपऱ्यांत दोन वेगळी गवतं ठेवा. एक कोवळं, एक जरा जून. बऱ्याच घोड्या दोन्हीकडे फिरत फिरत सगळं संपवतात, तुडवणं आपोआप कमी होतं. फक्त एक लक्षात ठेवा, तिला नाल असतील तर जाळी खाली बांधू नका, पाय अडकतो. जाळी वर किंवा चारा जमिनीवर, मधलं काही नाही.

गुटगुटीत तट्टाला मात्र ‘नाही’ म्हणायचं. अगदी स्पष्ट. लसूणघासात साखर फार नसते हे खरं, पण ऊर्जा आणि प्रथिनं भरपूर असतात, आणि या जनावराला वाढीव ऊर्जा म्हणजे खुरांच्या आतल्या दाहाला आमंत्रण. मानेवरची चरबी कडक लागते का, शेपटीच्या मुळाशी गादी झाली आहे का, हे हात फिरवून बघा, मालकीणबाईंचाही हात तिथे ठेवा. डोळ्यांना ‘गोंडस’ दिसतं ते हाताला वेगळं लागतं. त्याला जून, काडीदार गवत द्या, बारीक छिद्रांच्या जाळीत. साखर कमी करायची असेल तर गवत तासभर किंवा जास्त भिजवून पाणी ओतून द्यायचं. उन्हाळ्यात जास्त वेळ भिजवू नका, आंबतं. भिजवल्याने साखरेबरोबर क्षारही वाहून जातात, म्हणून खनिज मिश्रण वेगळं द्यावं लागतं. वजन उतरवायचं म्हणून चारा वजनाच्या दीड टक्क्याखाली न्यायचा विचार डॉक्टरांशिवाय करू नका. वर सांगितलेला चरबीचा धोका तिथेच दबा धरून असतो.

आणि त्या पेंढीचं काय? मालकीणबाईंना घोड्याला काहीतरी स्वतःच्या हाताने भरवायचं आहे. त्यात चूक काही नाही. ते हिसकावून घेऊ नका, मोजा. मूठभर लसूणघास, सकाळी तुम्ही बाजूला काढून ठेवलेला, दिवसाच्या हिशेबात धरलेला, त्यांनी आल्यावर भरवायचा. पेंढी आणणं बंद, भरवणं चालू. तट्टू ‘मनापासून’ खात नाही म्हणजे काय, तर दाराशी उभं राहून हिणहिणतं आणि कुणी काही आणतं का याची वाट बघतं. त्याला ते शिकवलं आहे आपणच, आणि ते फार हुशार विद्यार्थी आहे.

मग तुम्ही किती जणांचं ऐकायचं? मी तुमच्या जागी असते तर पागेचं एक मूळ गवत ठरवलं असतं, चांगल्या प्रतीचं, सगळ्यांना पुरेल असं, आणि त्याच्या जोडीला दोनच पर्याय साठवले असते: एक भिजवायच्या गोळ्या, एक लसूणघास. याबाहेरचं जे काही हवं ते मालकाने आणायचं, नाव लिहून, जमिनीपासून उंच रचून, आणि घालायचं मात्र पागेच्या लोकांनीच. मालकाने परस्पर गव्हाणीत टाकलेला चारा हा तुमच्या यादीत नसलेला चारा असतो. रात्री पोट दुखायला लागलं की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, काय खाल्लं, आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसतं. भिजवणं, कापणं, वेगळं मोजणं याला मोतद्दाराचा वेळ जातो, तेव्हा त्याची वेगळी आकारणी लाजेविना करा. पैसे मोजणाऱ्याचं ऐकायचं, हे मलाही मान्य आहे. पण पैसे घोडा मोजत नाही, आणि त्याचं पोट तुमच्या जबाबदारीवर आहे.

कुणी आवडीची मागणी घेऊन आलं की वाद घालू नका, आठवडाभर त्या घोड्याचं घातलेलं आणि उरलेलं वजन दारावरच्या पाटीवर लिहा. घातलेलं सगळं संपत असेल तर तो चोखंदळ नाही, मालकच कंटाळला आहे. रोज उरत असेल तर बोलायला आधार मिळतो. आणि एकट्याचं न उरता तिघा-चौघांचं उरत असेल तर घोडे सोडा, गवताकडे बघा. एकाच गंजीतलं म्हणता, पण गंजीतल्या प्रत्येक पेंढीवर ऊन-पाऊस सारखा पडलेला नसतो. पेंढी फोडून मधे हात घाला, नाकाशी न्या. गरम लागली, कुबट वास आला किंवा झटकल्यावर पांढरी धूळ उडाली, तर ते नाकारणारे घोडे शहाणे आहेत.

उष्ण भागात हिरवा चारा घालत असाल तर एक ताकीद. हत्ती गवत किंवा सेटारियासारख्या गवतांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. घोडे ते आनंदाने खातात, पण महिनोन्‌महिने मुख्य चारा तोच राहिला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं, जबडा सुजतो, चाल लंगडते. आवडीने खातो, एवढ्यावरून चारा ठरवायचा नसतो तो यासाठीही.

कुठलाही बदल, अगदी डॉक्टरांनी सांगितलेलासुद्धा, दहा-चौदा दिवसांत हळूहळू करा. मोठ्या आतड्यातले जीवाणू जुन्या चाऱ्यावर पोसलेले असतात, त्यांना नव्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा नवा, तोही वेगळा न ठेवता जुन्यात मिसळून. नव्या वासाला घोडा नाक मुरडतोच, त्यावरून लगेच ‘आवडलं नाही’ असा निकाल देऊ नका. लगदा नको म्हणणाऱ्या आजोबांना चिमूटभर मेथीपूड घालून बघायला माझी हरकत नाही.

राहिल्या तांबड्याच्या मालकीणबाई. वजनाची पाटी दाखवा, डॉक्टरांचं मत होऊ द्या, हेलेज लागणार असेल तर खर्च आणि अटी लिहून त्यांच्या हातात द्या. त्यानंतरही घोडा हलवायचाच असेल तर अडवू नका. फक्त जाताना तुमच्या गवताच्या दोन आठवडे पुरतील एवढ्या पेंढ्या गाडीत टाका, आणि तिकडच्या चाऱ्यात रोज किती मिसळायच्या ते चिठ्ठीवर लिहून द्या.